भगताच्या झग्यातली सुई

“साहेबराव, सुया मोजा.”

“कशापायी मोजू? माझ्या दुकानातली सुई माझ्या दुकानातच असती.”

“मग मोजायला तुमचं काय जातंय?”

दौंडला स्टेशनच्या मागच्या आळीत साहेबराव टेलरचं दुकान होतं. त्या दुकानाच्या पायरीवर हे भांडण झालं, तेव्हा साहेबरावांची लेक झुंबर गोणपाटाच्या पडद्याआड काजं करत बसली होती. फ्रॉक सुटून नुकतीच परकरात आलेली पोर. मोठ्यांनी आवाज चढवला की आपणच काहीतरी सांडलं असेल, असं वाटायचं वय.

पायरीवर सर्जेराव उभा होता. जत्रेजत्रेत बाहुल्यांचा खेळ करणारा माणूस. दोरीच्या बाहुल्या नव्हेत, हातात घालायच्या. म्हणजे बघा, आपलं पहिलं बोट बाहुलीच्या डोक्यात, अंगठा एका बाहीत, मधलं बोट दुसऱ्या बाहीत, आणि झगा खाली मनगटापर्यंत. त्या झग्यांची उसवण-शिवण साहेबरावांकडं असायची. सर्जेरावाच्या मागं त्याचं पोरगं होतं. हाताला एवढं फडकं गुंडाळलेलं, की त्या हाताचीच बाहुली झालेली, फक्त नाकडोळे काढायचे राहिलेले.

“राणीच्या बाहीत सुई व्हती,” सर्जेराव म्हणाला. “पोरगं म्हणलं, बा, टोचतंय. तर ह्याची आई किंचाळली. ती किंचाळली म्हणून हे दचकलं, हिसका मारला, आन् सुई आत मोडली. डागतरनं पेर काढलं, साहेबराव. सावकाश हात भायेर काढला असता तर वरच्यावर निघाली असती.”

“वाईट झालं. पर ती माझी न्हाई. जत्रेत हजार लोक हात लावत्यात.”

“मग मोजा.”

पडद्याच्या भोकातून झुंबरला बापाचा हात दिसत होता. सुयांची डबी गुडघ्यापाशीच होती. हात डबीवर गेला आणि तिथंच बसला. डबी काही उघडली नाही. सर्जेरावानं जरा वेळ वाट पाहिली, मग पोराचा चांगला हात धरला आणि निघून गेला. पुन्हा तो कधी दौंडात दिसला नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात दोन गोष्टी नव्या झाल्या. हातसुईत लाल दोराच ओवायचा. कच्चा टाका लाल, मग मशीन मारायची, मग तो लाल दोरा ओढून काढायचा. कापडच लाल असलं तर पिवळा. म्हणजे सुई कुठं राहिली तर शेपूट दिसतं. आणि दुसरं, दारात कुणी का येईना, सुई कापडात खोचून उठायचं नाही. हे असं का, ते साहेबरावांनी सांगितलं नाही आणि झुंबरनं विचारलं नाही. पण त्यानंतर कुठल्याही जत्रेत बाहुल्या दिसल्या, की ती आधी नाचवणाऱ्याची बोटं बघायची.

लग्न होऊन ती शिरूरला आली. नवरा भिमाजी मार्केट यार्डात हमाली करायचा, ती दारात मशीन टाकून बसायची. शाळेचे ड्रेस, ब्लाऊज, गोधड्या, चैन बदलणं. बघता बघता झुंबरची झुंबरबाई झाली, भिमाजी गेला, लेक विक्रम ट्रकवर सदा रस्त्यात, आणि घरात सून अनिता. अनिता रांजणगावच्या कंपनीत. सकाळी कंपनीची बस यायच्या आत तिचा एक पाय चपलेत असायचा आणि हात सासूच्या सुया ओवण्यात. झुंबरबाईचे डोळे अधू झाले होते, म्हणून अनिता दिवसभराच्या सुया आधीच ओवून उशीला लावून जायची. सगळ्या लाल.

बाहुल्या घरात आल्या त्या विनोदमुळं. हा विनोद कारेगावचा. कंपनीतलं कंत्राट संपलं आणि हा गडी शाळाशाळांतून बाहुल्यांचा खेळ करायला लागला. तो त्याला ‘पपेट शो’ म्हणायचा. साप चावला तर भगताकडं जाऊ नका, दवाखान्यात चला, असा खेळ. खेळ बरा होता, कपडे मात्र त्यानं गमानं चिकटवलेले. म्हातारीचं लुगडं नाचता नाचता गळून पडायला लागलं, तेव्हा तो पिशवी घेऊन झुंबरबाईच्या दारात आला.

“युनिफॉर्म आण, ब्लाऊज आण,” झुंबरबाई म्हणाली. “हे नको.”

“का ओ मावशी? चावत न्हाईत त्या.”

“तुला काय ठावं.”

विनोदनं पिशवी तिथंच ठेवली आणि चहा पिऊन येतो म्हणून जो गेला, तो दुसऱ्या दिवशी उगवला. तोवर पिशवी कोपऱ्यात बसून होती. तोंडातून म्हातारीचं कागदाच्या लगद्याचं डोकं बाहेर आलेलं, अंगावर चिंधी नाही. झुंबरबाईनं दोनदा त्यावर टॉवेल टाकला. संध्याकाळी तिनं टॉवेल काढला आणि म्हातारीला नऊवारी शिवून टाकली. असं सुरू झालं.

भीती गेली नाही, ती कामाला लागली, एवढंच. काम झालं की झुंबरबाई प्रत्येक बाहुलीत स्वतःचा हात घालायची. बोटांनी कानाकोपरा चाचपायची, आणि मग ती बाहुली अनिताकडं वळवून बाहुलीच्या हातानं “जयभीम” घालायची. अनिता भाकरी थापत असली तरी पिठाचे हात जोडून “जयभीम आज्जी, जयभीम डॉक्टरीणबाई” म्हणायची. मग झुंबरबाई पिशवी घेऊन शिरूरच्या एसटी स्टँडवर जायची. तिथं चहाच्या टपरीपाशी विनोद मोटारसायकल लावून थांबलेला असायचा.

आता खरी गोष्ट सांगायची तर तिच्या बोटांची. झुंबरबाईला साखर होती. आधी बोटांना मुंग्या आल्या. मग मुंग्या गेल्या, तर तिला वाटलं बरं वाटायला लागलं. एका सकाळी भाकरी भाजताना करपल्याचा वास आला. भाकरी तर चांगली होती. बघते तर बोट तव्याला टेकलेलं. कळलं ते नाकाला, बोटाला नाहीच.

त्या दिवशी ती घाबरली. बोटाच्या फोडाला तिनं अनिताजवळ “वाफ लागली” म्हटलं. खरं सांगितलं असतं तर अनितानं सुई हातातून काढून घेतली असती, आणि सुई गेली की मग दिवसभर दारात बसून काय माश्या मोजायच्या? बाहुल्यांत हात घालणं तिनं चालूच ठेवलं. हात आत जायचा, फिरायचा, जयभीम व्हायचा. आपण काय चाचपतो हे आपल्यालाच कळत नाही, हे तिला ठाऊक होतं. रोज ठाऊक होतं. पण डोळ्यांनी लाल शेपूट दिसेलच की, असं म्हणून ती पुढं ढकलायची.

आणि मग भगत आला.

खेळातला भगत आतापर्यंत नुसत्या लंगोटावर नाचायचा. कुठल्याशा शाळेतल्या बाईंनी नाक मुरडलं. मग विनोदनं एका जुन्या खेळातल्या राजाचा मखमली अंगरखा आणला. “मावशी, ह्याचा भगताला झगा करा. बाह्या जरा सैल ठेवा, माझा अंगठा आडकतो. परवा कासुर्डीला खेळ हाय.”

मखमल लालभडक होती. उशीला सुया लावलेल्या, सगळ्यांत लाल दोरा. पिवळा ओवून घ्यायचा तर अनिता घरी नाही. झुंबरबाई म्हणाली, मशीन तर मारायचीय, दिसंल. भगताच्या डाव्या बाहीच्या अस्तराला ती टाका घालत होती आणि चुलीवर दूध वर आलं. ती उठली.

कासुर्डीच्या खेळाच्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखं केलं. म्हातारीत हात घातला, डॉक्टरणीत घातला, सापात घातला, भगतात घातला. भगतानं अनिताला जयभीम केला. “हा भगत आन् जयभीम म्हणतोय!” असं म्हणून अनिता हसली आणि बस पकडायला पळाली. झुंबरबाईनं स्टँडवर जाऊन पिशवी विनोदच्या हवाली केली, घरी आली, चहा ओतला आणि बशी उचलली.

बशीच्या कडेला लाल ठिपका होता.

तिनं पदरानं पुसला. बशी फिरवली, तर दुसरा. वर बघितलं, पाल नाही, काही नाही. मग तिनं हात उलटा केला. मधल्या बोटाच्या टोकाला रक्ताचा थेंब होता. पुसला की पुन्हा यायचा. दुखत काहीच नव्हतं. कुणा दुसऱ्याच्याच बोटाकडं बघतोय असं तिला वाटलं. मधलं बोट म्हणजे बाहुलीच्या बाहीतलं बोट.

तिनं डबी पालथी केली. उशी बघितली. सुया मोजल्या. पुन्हा मोजल्या. एक कमी होती.

आता हे ऐका, की खेळ संपल्यावर विनोद बाहुल्या पोरांच्या हातात द्यायचा. त्याचीच तर पोरांना जास्त हौस. बारक्या बारक्या बोटांनी भगत नाचवायचा. झुंबरबाईनं फोन लावला. विनोदचा फोन बंद. खेळाच्या दिवशी तो बंदच ठेवायचा, मध्येच वाजला तर साप लाजतो म्हणायचा. अनिताचा फोन कंपनीच्या लॉकरात. झुंबरबाईनं दाराला कुलूप घातलं की नाही हे तिला पुढं कधीच आठवलं नाही.

न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारी गाडी लागलेली होती. ती चढली, पुढच्या बाकावर बसली आणि पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. ती फोनमधली बाई प्रत्येक वेळी त्याच गोड आवाजात सांगायची, की आपण ज्यांना फोन लावताय ते आत्ता सापडत नाहीत. शेजारी फ्लॉवरचं पोतं घेऊन बसलेल्या बाईनं विचारलं, “काय ओ आज्जी, कुणी आजारी हाय का?”

“अजून न्हाई,” झुंबरबाई म्हणाली.

त्या बाईनं पोतं जरा आपल्याकडं ओढून घेतलं.

न्हावऱ्याच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, वर आडवा-तिडवा ऊस, आणि मोठमोठी गाणी लावून डुलत चाललेले. गाडी त्यांच्या मागं गोगलगाय झाली. झुंबरबाईला प्रत्येक वळणावर ते फडकं बांधलेलं पोरगं दिसायला लागलं. इतकी वर्षं झाली, ते मोठं होऊन म्हातारंसुद्धा झालं असेल, पण तिच्या डोळ्यापुढं ते तेवढंच होतं. पारगावच्या पुलावर भीमेचं पाणी दिसलं. तिनं रुमालात गुंडाळलेलं बोट दुसऱ्या हातानं दाबलं. काही कळत नव्हतं. आपल्या हाताची तिला त्या दिवशी जेवढी भीती वाटली, तेवढी कधी सापाचीसुद्धा वाटली नव्हती.

आणि बापाचा हात आठवत होता. डबीवरचा.

चौफुल्याला उतरून ती वडापच्या जीपमध्ये बसली. जीपवाला आणखी माणसं भरायला थांबला, तर म्हणाली, “दादा, चल रे, तुझ्या पाया पडते.” म्हातारी खरंच वाकायला लागली तसा तो घाबरून निघाला. यवत गेलं. कासुर्डीच्या फाट्यावर उतरून ती शाळेची वाट विचारत निघाली, पण वाट विचारायची गरज उरली नाही. लांबूनच पोरांचा आवाज आला. सगळी शाळा एका सुरात ओरडत होती:

“सापाला भ्या! सुईला भिऊ नका!”

ते विनोदच्या खेळातलं शेवटचं वाक्य. डॉक्टरीण म्हातारीला इंजेक्शन देते तेव्हाचं. म्हणजे खेळ संपला होता.

मग एकदम आवाज थांबला आणि कुणीतरी किंचाळलं.

झुंबरबाई पळाली. तिच्या वयाला पळणं म्हणजे काय, चपला हातात आणि जीव घशात. वर्गाच्या दारात पोचली तर ते किंचाळणं हसण्याचं निघालं. एका पोरानं हातात साप घातला होता आणि दुसऱ्याच्या कानाला चावत होता. म्हातारी एका पोरीच्या हातात, डॉक्टरीण एकीच्या. आणि खिडकीपाशी दोन वेण्यांची बारकी पोर उभी होती. तिच्या हातात भगत होता.

तोंडातून ओरड फुटणारच होती. हात काढा, असं. झुंबरबाईनं ओठ दाताखाली धरले. ती किंचाळली म्हणून हे दचकलं. हिसका मारला. आत मोडली. सर्जेरावाचा तो आवाज तिच्या कानात काल ऐकल्यासारखा होता.

विनोदनं बघितलं. “मावशी? तुम्ही हितं कुठं?”

“आले सहज,” झुंबरबाई म्हणाली. आवाज कसा निघाला तिचा तिलाच माहीत. “पोरांनो, बाहुल्या किती दमल्यात बघा. सकाळधरनं नाचत्यात. आता त्यांना निजवायचं. कसं? तान्ह्या बाळाला निजवतो तसं. हात सावकाश, सावकाश काढायचा. ज्याची बाहुली जागी झाली तो हरला.”

पोरांना खेळ तो खेळ. साप चावायचा थांबला. म्हातारी निजली, डॉक्टरीण निजली. विनोदला काही कळत नव्हतं, पण झुंबरबाईचा चेहरा बघून तो हलला नाही. ती खिडकीपाशी गेली आणि त्या पोरीसमोर गुडघे टेकून बसली.

“नाव काय तुझं?”

“प्राची.” पोर हळूच म्हणाली, “आज्जी, ह्याच्यात मुंगी हाय.”

“कुठं?”

“हितं. मधल्या बोटाला चावतीया.”

“हलू नको हं, बाळा. मुंगी निजलीया. आपण तिला उठवायचं न्हाई.”

झुंबरबाईनं झग्याच्या खालून आपला हात आत सरकवला. पोरीच्या मनगटावरून, तळव्यावरून, बाहीत. बोटांना मखमल कळेना, पोरीची कातडी कळेना, सुई तर नाहीच. मग ती पोरीच्या तोंडाकडं बघत राहिली. बोट पुढं सरकलं की पोरीच्या डोळ्यांत काय होतंय ते बघायचं. भुवई आक्रसली की थांबायचं, जरा वर, जरा कडेला. पोरीच्या खालच्या ओठाचा थरकाप झाला, तिथं झुंबरबाई थांबली. आपलं बोट तिनं पोरीच्या बोटाच्या आणि अस्तराच्या मध्ये घातलं आणि अस्तराकडं दाबलं. जोरात. पोरीचा ओठ सैल पडला.

“गेली मुंगी?”

पोरीनं मान डोलावली.

“आता हात काढ. गोगलगायीसारखा. शिंगं आत, शिंगं आत.”

बारका हात बाहेर आला. मधल्या बोटावर ओरखडा होता, आणि मोहरीएवढा रक्ताचा ठिपका. बोट सगळं होतं, पेरासकट.

झुंबरबाईचा हात झग्यातच राहिला. विनोदनं जवळ येऊन झगा हळूच उलटा केला. लाल मखमलीतून लाल दोरा लोंबत होता, आणि दोऱ्याच्या वरची सुई अर्धी झुंबरबाईच्या बोटात होती.

“आई गं! मावशी, दुखत न्हाई व्हय?”

“न्हाई,” झुंबरबाई म्हणाली.

विनोदनं तिच्या तोंडाकडं बघितलं, मग बोटाकडं, मग पुन्हा तोंडाकडं. खाली बसून त्यानं सुई ओढून काढली. अख्खी होती. “खेळात मलाबी जरा घासल्यागत झालं,” तो पुटपुटला. “म्हणलं नवी मखमल हाय, अस्तर टोचत आसंल.”

एवढ्यात दारातून आवाज आला. शाळेत खिचडी शिजवणारी रंगुबाई हातात पळी घेऊन उभी होती, आणि ती नेमकी प्राचीची आजी. नातीचं बोट तिनं लांबूनच बघितलं होतं.

“कुणाची सुई ही?”

विनोद मध्ये पडला. “अवो मागच्या गावात पोरांनी हात लावलं व्हतं, कुणीतरी...”

“माझी हाय,” झुंबरबाई म्हणाली. “मीच शिवला झगा, मीच इसरले. मोजायला नको. डबीत एक कमी हाय, मी मोजूनच निघाले.”

मग रंगुबाईनं जे तोंड सोडलं! डोळं फुटलं व्हतं का, पोरांच्या जिवाशी खेळताय का, जमत न्हाई तर घरी बसायचं, म्हातारपणी हौस कशाला. झुंबरबाई खाली मान घालून सगळं ऐकत होती. त्यातलं एकही अक्षर तिला खोटं वाटलं नाही. शेवटी दम लागून रंगुबाई थांबली, आणि म्हणाली, “आन् आता ते सोताचं बोट धरा इकडं. थेंब थेंब गळतंय, कळत न्हाई का?”

“त्येच तर कळत न्हाई, बाई.”

रंगुबाईनं तिच्याकडं बघितलं. मग पदराची चिंधी फाडून बोटाला गुंडाळली, हवी त्यापेक्षा जरा जास्तच आवळून.

शाळेतल्या बाईंनी प्राचीला यवतच्या दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला लावलं. सकाळभर “सुईला भिऊ नका” ओरडलेली ती पोर तिथं मात्र दवाखाना डोक्यावर घेऊन रडली म्हणे.

घरी आल्यावर झुंबरबाईनं अनिताला सगळं सांगितलं. अनितानं एकच विचारलं, “कवापासनं कळत न्हाई?”

“तव्याला बोट लागलं तवापासनं.”

“म्हंजी वाफ न्हवती ती.”

“न्हाई.”

अनितानं डबी उचलली, स्टुलावर चढली आणि पार माळ्यावर पत्र्याच्या पेटीमागं ठेवली. पुढचे दिवस वाईट गेले. फोन वाजला की झुंबरबाईला नको ते वाटायचं. पोरीचं बोट सुजलं असेल, पिकलं असेल, डॉक्टर पेर काढायचं म्हणत असेल. विनोद रोज सांगायचा, “मावशी, पोरगी पाटीवर लिहितीया, जेवतीया, मारामाऱ्या करतीया.” तिला पटायचं नाही. “कोणत्या हातानं?” असं ती विचारायची.

एक दिवस विनोद पुन्हा पिशवी घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. अनिता म्हणाली, “तुमच्या मावशीला विचारायला आला आसाल, तर न्हाई.”

“मी ठेवून जातो,” विनोद म्हणाला. त्याला पिशव्या ठेवून जायची खोडच होती.

झुंबरबाईनं भगताचा झगा नुसता हातात घेतला. उलटा केला, चाचपला, काही कळलं नाही. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, तिनं तो गालाला लावला आणि शिवणीवरून हळूहळू फिरवला. गळ्यापाशी थांबली. “अनिता, हितं बघ गं.”

अनितानं बघितलं. मखमलीत शाळेच्या मैदानातलं गवताचं कुसळ अडकलं होतं. केसाएवढं.

“बोटाला न्हाई कळलं,” झुंबरबाई म्हणाली. “गालाला कळलं.”

अनितानं ते कुसळ चिमटीनं काढून दाराबाहेर टाकलं. मग स्टूल ओढलं.

पण तिनं अटी घातल्या. झगा उलटा करून आधी सासूनं गालावरून, ओठावरून फिरवायचा. मग अनितानं हात घालायचा. मग विनोदनं स्टँडवर, सगळ्यांदेखत, पुन्हा घालायचा. लाल कापड आलं तर रात्रीच सांगायचं, पिवळा ओवून मिळेल. विनोदनंही आपल्या डोक्यानं फुटक्या स्पीकरमधला लोहचुंबक आणून दिला. तो सुईही ओढायचा, टिचबटणंही ओढायचा आणि अनिताच्या केसांतली पिनही. झुंबरबाईनं त्या चुंबकाला डबीचं झाकण शोधायच्या कामावर ठेवलं.

अशी ती आणखी काही वर्षं शिवत राहिली, आणि रोज भीत राहिली. खेळ संपला की विनोदनं मिस्ड कॉल द्यायचा, हे ठरलेलं. तोवर ती फोन मांडीवर घेऊन बसायची, जेवायची नाही. गेली ती एका थंडीत, दुपारी जरा पडते म्हणून आडवी झाली ती. त्याच्या दोन दिवस आधी दौंडच्या एका शाळेतल्या खेळासाठी तिनं पिशवी पोचवली होती. ती शेवटची, हे तेव्हा कुणाला माहीत.

त्या सकाळी तिनं म्हातारी उलटी केली, गालावरून फिरवली. डॉक्टरीण फिरवली, साप फिरवला. भगताला सगळ्यात जास्त वेळ लागला, नेहमीसारखा. अनितानं हात घालून तिलाच जयभीम घातला. पिशवी घेऊन ती स्टँडवर गेली. विनोद टपरीपाशी होता. गाडीची वाट बघणारी माणसं आपोआप जवळ सरकली, त्यांना हा फुकटचा खेळ ठाऊक झाला होता.

“घाल हात,” झुंबरबाई म्हणाली.

विनोदनं एकेक बाहुली घातली, काढली. शेवटी भगत. भगतानं इकडं तिकडं बघितलं, बाह्या झटकल्या आणि झुंबरबाईपुढं वाकला.

“चावणार का रे कुणाला?”

भगतानं मान हलवली. नाही.

“बाह्या नीट बघितल्या? दोन्ही? मधल्या बोटाला काय?”

“काय न्हाई, मावशी. तुमच्या गळ्याची आण.”

“माझ्या गळ्याची नको. घाल पिशवीत. आन् डोकं दाबू नको त्याचं, मागच्या टायमाला नाक चेमटलं व्हतं.”

विनोदनं मोटारसायकलला किक मारली. झुंबरबाई चार पावलं गेली, थांबली, आणि मागं वळून ओरडली, “मिस्ड कॉल दे रे!”

“देतो, देतो!” विनोद म्हणाला, आणि ती घराकडं निघाली.